बिनओझ्याची गाडी

१२ जानेवारी, रविवार. बोरी अरब.

आलो एकदाचा. पुण्याच्या सोसायटीत मी जॅक लावला की चेअरमन खिडकीतून डोकावायचे आणि ऑइलचा थेंब सांडला की ग्रुपवर फोटो टाकायचे. इथले घरमालक सदाशिवराव यांनी शेताच्या कडेचं दोन खोल्यांचं घर दिलं आणि वर भलंमोठं पत्र्याचं शेड फुकट दिलं. एका गाडीला एवढी जागा काहून लागते, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांना वाटलं होतं मी म्हशी आणणार.

कंपनीचं काम घरूनच आहे, इंटरनेट बरं आहे. शेजारी कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे आणि बायका माझ्या हत्यारांच्या पेट्यांकडे बघून आपसात हसतात. समीक्षाची नोकरी महिनाअखेरीस संपते, मग तीही येईल. माझ्या वेडापायी तिने पुणं सोडायचं कबूल केलं. लग्नाला आठ वर्षं झाली, त्यातली निम्मी तिने बंद पडलेल्या गाड्यांत बसून काढली, तरी कधी आवाज चढवला नाही. मला तिच्याबद्दल काय वाटतं ते तिला सांगायला जमत नाही, म्हणून इथे लिहितो.

१५ जानेवारी, बुधवार.

गाडी आणली! मॉडेलचं नाव इथेसुद्धा लिहीत नाही. ही वही चुकून कोणा शौकिनाच्या हाती लागली तर दारात रांग लागेल. एवढंच लिहितो की २००३ ची, दोन दरवाज्यांची, टर्बो, रंग लाल आणि मीटरवर तीन हजार नऊशे सहा किलोमीटर. बावीस वर्षांत फक्त तीन हजार नऊशे सहा.

ती दोन किलोमीटरवरच्या तांड्यात भीमसिंग राठोड यांच्या गोठ्यात उभी होती. चार दगडी ओट्यांवर चढवलेली, चारही चाकं अधांतरी. भीमसिंगकाका सत्तरी ओलांडलेले, पांढरं धोतर, लाल फेटा. गाडी त्यांच्या मुलाची, बादलची होती. तो आता नाही एवढंच ते बोलले आणि मीही खोदून विचारलं नाही. पैसे घेणार नाही म्हणाले. नातू भंगारात घालायला निघालाय, त्यापेक्षा वागवणाऱ्या माणसाकडे जाऊ दे. पण गाडी या शिवारातच राहायला हवी, हे त्यांनी आधीच कळवलं होतं, म्हणून तर मी इथे घर भाड्याने घेतलं. वर तीन अटी घातल्या: चाकं भुईले टेकू द्याची नाईत, आत कोणी बसाचं नाई, अन् ओझं तर टाकाचंच नाई.

मी मनात म्हटलं, हा तर माझ्याच जातकुळीचा माणूस! टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून गाडी उचलून ठेवायची, सीटचं कापड चुरगळू नये म्हणून बसायचं नाही, मीटर वाढू नये म्हणून हलवायची नाही. नागपूर-मुंबईचे भलेभले संग्राहक हेच करतात. तिन्ही अटींना मी हसत हो म्हटलं.

आठ जणांनी उचलून ती ट्रॉलीवर चढवली. काकांच्या बायकोने, जमनीकाकूंनी, बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि डोळे पुसले. घरी येताच मी ते मऊ कापडाने अलगद पुसून टाकलं. त्या जुन्या रंगावर डाग राहिला असता तर मला झोप लागली नसती.

२३ जानेवारी, गुरुवार.

रोज दुपारी दोननंतर मी आणि ती. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी कापसाचं घर केलेलं, दोन वायरी कुरतडलेल्या. टाकीतलं पेट्रोल काकवीसारखं झालं होतं. टायमिंग बेल्ट, होस, ब्रेक ऑइल सगळं बदललं. मूळ भाग फेकत नाही, प्रत्येकाला चिठ्ठी लावून डब्यात ठेवतो. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बरोब्बर सारखं निघालं. मी एकटाच नाचलो.

नवे टायर आले. ते चढवून आज गाडी जमिनीवर उतरवली. अट मोडली हे खरं, पण उभ्या गाडीचे सील वाळतात, सस्पेन्शन जाम होतं. थोडं फिरवणं ही तिची सेवाच आहे, आणि काकांना सांगितलं नाही म्हणजे झालं.

८ फेब्रुवारी, शनिवार.

समीक्षा आली. यवतमाळच्या स्टँडवर तिला घ्यायला मी लाल गाडी घेऊन गेलो. तिच्या दोन बॅगा, भांड्यांचं खोकं आणि आईने दिलेलं पंधरा किलो तांदळाचं पोतं, सगळं मागे कोंबलं. ती शेजारी बसली आणि म्हणाली की लग्नानंतर पहिल्यांदाच तुझी एखादी गाडी न ढकलता चालली. लाडखेडच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, टर्बो चढला तेव्हा ती मोठ्याने हसली. इतका सुखाचा दिवस माझ्या आठवणीत नाही.

परत आलो तेव्हा मीटर ३,९६८.

१० फेब्रुवारी, सोमवार.

मीटर ३,९७० दाखवतंय. मी काल आणि आज गाडीला हातही लावलेला नाही. दुपारी मीटिंगमध्ये होतो आणि समीक्षा आत झोपली होती. शेडसमोरच्या काळ्या मातीत चाकांच्या खुणा आहेत, बाहेर जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या. कोणीतरी किल्लीशिवाय चालू केली असणार. डोकं फिरलं माझं. सदाशिवरावांना वाटतं मी उगाच शंका घेतो. आता मोठं कुलूप लावलं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

३,९७४. कुलूप उघडून कडीला नीट लटकवून ठेवलेलं होतं आणि किल्ली माझ्याच खिशात होती.

आज खुणा नीट पाहिल्या. चाकांच्या मधोमध अनवाणी पावलं आहेत. गाडीच्या मागून कोणीतरी चालत गेलं आणि चालत आलं. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. असं बोट मी रोज बघतो.

समीक्षाला पाय दाखवायला सांगितले. टाचा भेगाळलेल्या, नखांत काळी माती. ती स्वतःच चकित झाली. म्हणाली, दुपारी झोपलेच होते की रे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

काल सात किलोमीटर, आज अकरा. सकाळीच बॅटरी काढून घरात आणून ठेवली होती, तरी गेली.

संध्याकाळी तांड्यात जाऊन भीमसिंगकाकांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, खाटेवर बसून सांगू लागले. पूर्वी यांच्या लदेणीत, म्हणजे मीठ-धान्य वाहणाऱ्या बैलांच्या तांड्यात, एक बैल देवाला सोडलेला असायचा. हटाडिया. त्याच्या पाठीवर ओझं नाही, त्याच्यावर कोणी बसायचं नाही. तो सगळ्यांच्या पुढे चालायचा आणि तो जिथे बसेल तिथे सगळ्या तांड्याचा मुक्काम. वीस वर्षांमागे तांड्यात ताप आला, लेकरं जाऊ लागली, तेव्हा बादलने नवस केला. बैल राहिले नव्हते. त्याच्याकडे सगळ्यांत जिवाची वस्तू ही गाडी होती, ती त्याने सोडली. ताप उतरला. वर्षभराने त्यालाच मोह झाला आणि तो कापसाचं गाठोडं घालून बाजाराला गेला.

काका म्हणाले, ज्याचं ओझं त्याले मागं चालाच लागते. हटाडिया जिथं बसंल तिथं साऱ्यायचाच मुक्काम, तिथून कोणी पुढं नाई जात. गाडी परत आली, बादल नाई आला. म्हणून म्या चाकं उचलून ठेवली व्हती.

मी म्हटलं, गाडी तर मी चालवली. काका म्हणाले, तू हाकणारा. ओझं तिचं व्हतं.

मी त्यांना माझ्यासारखा शौकीन समजलो होतो. लाज वाटते आहे आणि भीती त्याहून जास्त वाटते आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

सकाळी समीक्षाला सदाशिवरावांच्या जीपमधून यवतमाळला पाठवलं. पुण्याच्या बसमध्ये बसवून द्या म्हटलं. अकराला त्यांचा फोन आला की लाडखेडच्या फाट्यावर ती जीपमधून उतरली आणि शेतातून चालत निघाली, हाक मारली तर वळूनही बघत नाही.

बाराला मी तुराट्यांच्या गंजीमागे उभा होतो. भर उन्हात गाडी शेडमधून बाहेर आली. इंजिनचा आवाज नाही, फक्त चाकाखाली ढेकळं फुटण्याचा. बांधावरून समीक्षा आली, गाडीच्या चार पावलं मागे चालू लागली. डोळे उघडे. एक हात पुढे, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

मी तिचा दंड धरला. मलाही ओढत चालली. साध्या आवाजात म्हणाली, सोड ना, मागे पडेन मी.

सोळा किलोमीटर मी तिच्याबरोबर चाललो. परत आल्यावर तिने पाय धुतले आणि चहा घेणार का विचारलं. मीटर चार हजार आठ. चार हजार ओलांडले आणि मला त्याचं काही वाटलं नाही, यावरून काय ते ओळखावं.

१५ फेब्रुवारी.

सकाळी गाडी लोखंडी स्टँडवर चढवली, चारही चाकं काढली, माळ्यावर टाकली, शिडी मोडली. समीक्षाशेजारी बसून राहिलो. डोळा लागला नाही, शपथेवर सांगतो, लागला नाही —

बाराला चाकं चढलेली. नट समोरासमोरच्या जोडीने आवळलेले. मी आवळतो तसे. माझ्या दोन्ही हातांना ग्रीस.

हाकणारा मी आहे.

बावीस किलोमीटर. तळव्यातून रक्त येतंय तिच्या. दुपारी आपण कुठे जातो ते आज तिला कळलं. माझा हात धरून बसली. म्हणाली, एक दिवस ती परत नाही वळली तर?

१६ फेब्रुवारी, रविवार.

एकोणतीस. निघताना दहाच वाजले होते. परत आली तेव्हा अंधार पडलेला. पुढच्या वेळी — नाही, लिहीत नाही.

जमनीकाकू आल्या. गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तिचं काहीतरी अजून आत असंल, नाई तं असं वढत नाई. ते काढ. अन् कोणाचं तरी ओझं तं लागतेच त्याले, रिकामं नाई सोडत आता.

सीट काढली, गालिचा उपटला. सीटच्या रुळाच्या खाचेत समीक्षाचं कानातलं सापडलं. ते काकूंना दिलं.

मग माझी हत्यारांची पेटी मागे ठेवली. आता ओझं माझं. समीक्षाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तिने ठेवू दिली नसती. तिला तांड्यात काकूंच्या घरी सोडलं. बाहेरून साखळी, काकू दारात बसणार. निरोप घेताना ती म्हणाली लवकर ये. मी बरं म्हटलं.

१७ फेब्रुवारी

नऊ वाजता निघाली. मी मागे. पाय आपोआप उचलतात, थांबवून पाहिले, थांबत नाहीत. पण हात मोकळे आहेत. चालत चालत लिहितो आहे.

काकांचा फोन आला होता. समीक्षा घरातच आहे, पाय शांत आहेत, जेवली. सुटली. रडू आलं मला. भीती वाटते पण आनंदही होतो आहे, तिच्यासाठी मी आयुष्यात हे एकच काम नीट केलं.

दुपार. घाटाच्या बाजूला कुठेतरी. पळसाला फुलं आहेत. चपला कधी सुटल्या कळलं नाही. फोन बंद पडला.

गाडीची मागची काच. त्यात मी दिसतो आहे, हात पुढे केलेला. हात मी केलेला नाही —

तहान. नाला ओलांडला. चाकं भिजलीच नाहीत.

ऊन उतरलं. गाडी वळली, तीही मी मनात म्हटल्यावर. मनात एवढंच आलं की एकदा समीक्षाला बघावं. एवढंच. आणि लगेच वळली. मी हाकणारा — मी काय मनात आणलं हे —

नाही. दुसरीकडे. घाट, कळंब, कुठेही. मनात दुसरं आणतो आहे, येत नाही, तीच येते —

तांडा. घरं दिसताहेत. हळू झाली.

बसते आहे. पुढची दोन्ही चाकं खाली चालली, आधी पुढचा भाग, गुडघे टेकावेत तसा. मागची अजून उभी. काकूंच्या दारासमोर. इथे नको — इथे साऱ्यांचाच मुक्काम —

ओरडतो आहे. आवाज निघत नाही. फक्त हात चालतो.

काकूंनी साखळी काढली. मी परत आलो म्हणून काढली, हसताहेत. समीक्षा दारात. तांब्या घेऊन. माझे पाय बघून तिचं तोंड — पाणी घेऊन येते आहे माझ्यासाठी, मागची चाकं अजून उभी आहेत, अजून वेळ आहे, आत जा, समीक्षा आत जा, ती उंबरठ्या