न टेकणारं चाक

प्रिय ठकूबाई,

आपली शर्यतीची छोटी लाकडी गाडी ठणठणीत आहे. मागच्या शर्यतीनंतर तू तिला बुटांच्या खोक्यात ठेवलंस, तशीच ती उताणी, चाकं वर करून पडून होती.

म्हणजे आत्या येईपर्यंत. ती राहायला आली होती. खोकं उघडून बघते तर चाकांना काळं लागलेलं. तिने ते पुसून काढलं आणि चाकं ज्यांवर फिरतात त्या प्रत्येक खिळ्यावर शिवणयंत्राचं तेल सोडलं. वर मलाच ऐकवलं, की चाकाला तेल द्यायचं सोडून पावडर कसली लावतोस, गाडी शर्यतीला चाललीय की लग्नाला? ग्राफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाच्या, भुकटीत तेल पडलं की चिखल होतो, हे तिला कोण सांगणार! गरगर फिरणारी चाकं दोन फेऱ्यांत दमायला लागली. मग खिळे उपसले, स्पिरिटने पुसले, चाकांची भोकं साफ केली. आत्या शेजारी बसून कापसाचे बोळे वळत होती, आणि तोंडाने माझा उद्धार चालूच. शेवटी हळूच म्हणाली, पोरीला सांगू नकोस हं. म्हणून सांगतोय.

हे सगळं टेबलाच्या माझ्या बाजूलाच केलं. तुझ्या बाजूला तू सांडलेला डिंक अजून तसाच आहे. रोज दुकानात लोकांची टेबलं तासतो, पण तो डाग काही खरवडवत नाही.

आता नीट वाच. शर्यतीआधी जुनी भुकटी मऊ ब्रशने झाडायची. मग खिळ्यापाशी चिमूटभर नवी टाकायची आणि चाक बोटाने फिरवत राहायचं, तू गाणं म्हणत फिरवायचीस तसं. केसांना तेल लावलेलं असेल तर आधी हात धू. त्यानंतर गाडी जमिनीवर चालवायची नाही, मैत्रिणींनी कितीही गळ घातली तरी. धुळीच्या एका कणानेही घात होतो.

फोनवर तू म्हणालीस, यंदा मला शर्यतीचा कंटाळा आलाय. मी बरं म्हटलं. काल तुझ्या आईने खरं काय ते सांगितलं. अंतिम फेरीत मुलांबरोबर त्यांच्या घरातलं मोठं माणूसच उभं राहू शकतं, आणि तुझ्या घरातलं मोठं माणूस आता मी नाही. मला वाईट वाटेल म्हणून तू नावच मागे घ्यायला निघालीस. वेडी कुठली! एवढी शहाणी कधी झालीस?

गाडी पाठवतोय. काकांना सोबत ने, तुझ्या घरातलं मोठं माणूस आता तेच. भुकटीची बाटली त्यांच्या हातात दे, आईच्या म्हणण्याप्रमाणे हात हलका आहे त्यांचा. फक्त त्यांना एक सांग. पुढचं डावं चाक जमिनीला टेकत नाही, ते बिघडलेलं नाही. आपणच मुद्दाम केसभर वर बसवलंय, तीन चाकांवर गाडी जास्त पळते म्हणून. चांगला माणूस आहे, दुरुस्त करायला जाईल. करू देऊ नकोस.

पण भुकटी त्यालाही लाव, ठकू. टेकत नसलं तरी. वाटेत कधी धक्का बसला, गाडी त्या बाजूला कलली, तर तेही फिरायला तयार हवं.

तुझाच,
बाबा