सात नंबरचा गार सेल

३ जून, सकाळी ७
परदेशातला पहिला दिवस. दहा आठवडे इलेक्ट्रिक बसच्या बॅटरीवर संशोधन. आठ देशांतले आठ विद्यार्थी, आणि शेवटी पीएचडीची जागा एकालाच. उरलेल्या सातांबद्दल आतापासूनच वाईट वाटतंय. बाबांनी तीस वर्षं डिझेलची बस चालवली. त्यांच्या फुप्फुसांची धुराने चिमणी झाली. त्यांचा खोकला मी जगाला ऐकवणार आहे! संकल्प : रोज पाचला उठणे.

४ जून, सकाळी ९.४०
आत्ता उठलो. प्रवासाचा शीण.

५ जून
काम : बॅटरीचे दहा सेल पेटीत ठेवून वेगाने चार्ज करायचे आणि तापमान लिहायचं. एवढंच! वक्तृत्वाचे अकरा करंडक यासाठी मिळवले? लॅबचा मिस्त्री साठीचा. त्याचा नियम : आधी बोट, मग बटण. प्रत्येक सेलवर टेपने चिकटवलेला सेन्सर रोज बोटाने दाबून पाहायचा, मगच चार्जिंग. सेन्सरने साठ अंश दाखवले की यंत्र आपोआप बंद होतं. तो सुटला तर बंद करणारं कोणी नाही. विज्ञान बोटांनी होत नसतं, हे मी त्याला सात मिनिटं समजावलं. तो म्हणाला, छान बोलता, वक्तेसाहेब. आता दाबा.

११ जून
दहाही दाबले. वीस मिनिटं वाया. उद्यापासून दोनच दाबणार. सांख्यिकी यालाच म्हणतात.

२४ जून
शोध लागला! नऊ सेल पन्नाशीला टेकतात, सात नंबर मात्र बावीस. आठवडाभर बावीस. न तापणारा सेल! लॅबमधली माझी जोडीदारीण, आठांतलीच एक, चष्मिस, दिवसाला चार वाक्यं बोलते. त्यातलं एक आज खर्च केलं : खोलीसुद्धा बावीसच आहे. मी म्हटलं, योगायोग.

२ जुलै
एसी बिघडला. खोली एकोणतीस. सात नंबरही एकोणतीस. मी नोंद केली : सेल वातावरणाबाबत संवेदनशील. बोट लावलंस का, चष्मिसने विचारलं. म्हटलं, हो. लावलं होतंच की, जूनमध्ये.

१४ जुलै
बाबांना फोन. शोध सांगितला. ते खोकत म्हणाले, जेवतोस ना नीट? मग म्हणाले, डेपोत सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगा आता तिकडेच राहणार.

२५ जुलै
प्रोफेसरबाई म्हणाल्या, एक तारखेला सगळ्यांसमोर करून दाखव. जागा माझीच! दुप्पट करंट लावणार. चष्मिस म्हणाली, आधी सेन्सर बघू या. मत्सर माणसाला किती लहान करतो.

१ ऑगस्ट, दुपारी ३
सकाळी मिस्त्रीने विचारलं, बोट? म्हटलं, झालं. तो म्हणाला, मग काय, तुमच्या शब्दावर बटण दाबतो.
भाषण बत्तीस मिनिटांचं होतं. अकराव्या मिनिटाला, धुराबद्दल बोलत असतानाच, पेटीतून धूर आला. पडद्यावर बावीस. मी पडद्याकडे हात करून बोलतच राहिलो. मिस्त्रीने मला ढकललं, झाकण उघडलं, आत हात घालून वायर उपटली. तेवढ्यात सेल फुटला. बाकीचे नऊ वाचले, असं सगळे म्हणतायत. भाषण अर्धवट राहिलं. सेलमध्ये कारखान्याचाच दोष असावा.

३ ऑगस्ट
हॉस्पिटलमध्ये गेलो. मिस्त्रीच्या उजव्या हाताची दोन बोटं काढलीत. बोलायचं काय ते पाठ करून गेलो होतो. तो म्हणाला, बसा, वक्तेसाहेब. जरा पाणी द्या. पेला त्याच्या डाव्या हातात दिला. पाठ केलेलं तसंच परत आणलं.

६ ऑगस्ट, सकाळी ११
जागा चष्मिसला. सेन्सर पेटीच्या मागे लोंबकळताना सापडला. टेपवर धुळीचा थर.
चौकशीचा फॉर्म आला. प्रश्न एकच : सात नंबरचा सेन्सर शेवटचा कधी हाताने तपासला? चार पानांचं उत्तर लिहिलं. फाडलं. परत लिहिलं. परत फाडलं. शेवटी लिहिलं : ११ जून.
बाबांचा फोन. डेपोतले विचारतायत, भाषण कसं झालं?
म्हटलं, छोटं झालं.