घरी राहिलेला बिल्ला

२ मार्च

पोचले एकदाची. स्टेशनवर मुलगा, सूनबाई आणि नात असा सगळा लवाजमा हजर. नात चार वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणतात, आणि दोन मिनिटं एका जागी बसत नाही हे पाहता बरोबरच म्हणतात. माझ्या ट्रंकेवर चढून बसली आणि आजी, यात माझ्यासाठी काय आहे, असं तोंडावर विचारलं. लाजबीज काही नाही. माझ्यावर गेलीय.

घर दीड खोलीचं, पण ऊन भरपूर. इस्पितळाच्या एक्स-रे खात्यात एकतीस वर्षं डार्करूममध्ये काढल्यावर नुसतं ऊन दिसलं तरी माणूस हरखतं. मुलगा इथल्या अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडे पाइपफिटर आहे. त्यानेच माझं काम जमवलं. त्यांना फिल्म धुणारं माणूस हवं होतं, आणि ही विद्या येणारी माणसं आता उरलीत कुठे! पायांचे तुकडे पडलेत, पण आज मन हलकं आहे. कित्येक दिवसांनी चार माणसांत जेवले.

६ मार्च

काम समजलं. केंद्रात आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर काडेपेटीएवढा बिल्ला असतो. त्यात फिल्मचा तुकडा. महिन्याभरात माणसाला जितकी किरणं लागतील तितकी ती काळी होते. महिनाअखेर मी फिल्म धुवायची, काळेपणा मोजायचा आणि वहीत आकडा लिहायचा. कोरी निघाली तर शून्य. वर्षाला ठरलेला किरणांचा कोटा भरला की त्या माणसाला आत सोडत नाहीत. कायम नोकरीतल्यांना मग टेबलावरचं काम मिळतं, ठेकेदाराच्या माणसांना नारळ.

साहेबांनी माझ्या अक्षराचं फार कौतुक केलं. अक्षराचं कौतुक करणाऱ्या साहेबापासून जपून राहावं, हे मी इस्पितळातच शिकले.

१५ मार्च

भिंगरीचं बापावाचून पान हलत नाही. तो शिफ्टवरून आला की ही त्याच्या बुटांवर पाय ठेवून उभी राहते आणि दोघं तसेच खोलीभर चालतात. मग त्याच्या दंडावर डोकं टेकून झोप. सूनबाई म्हणते, मी नऊ महिने वागवली ती काय हमाल म्हणून? खूप हसलो.

पलंगापाशी खिळ्याला त्याचा बिल्ला लटकत होता. आज सुट्टी नव्हती. विचारलं तर जीभ चावली. सगळेच घरी ठेवून जातात म्हणे. फेब्रुवारीत जुने पाइप कापायचं काम निघालं, त्यात निम्मा कोटा उडाला. बिल्ला लावून गेलो तर मे महिन्यात घरी बसेन, मग खायचं काय, असं मलाच विचारायला लागला. मी त्याला असा झाडला की सूनबाई बाहेर निघून गेली. पण खरंच, खायचं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसले.

१ एप्रिल

दोनशेच्या वर फिल्म धुतल्या. ठेकेदाराच्या माणसांच्या सगळ्या कोऱ्या करकरीत. हसू आलं, किरणंसुद्धा माणसाची नोकरी बघून लागतात म्हणायची. आणि मग एक काजळासारखी काळी निघाली. नंबर बघितला. माझ्या मुलाचा.

माझ्या झाडण्याची लाज वाटून या महिन्यात बिल्ला लावून गेला असणार, आणि नेमकं कुठेतरी वाईट जागी काम पडलं असणार. आकडा खरा लिहिला तर आजच्या आज घरी. साहेब जेवायला गेले होते. मी शून्य लिहिलं आणि फिल्मचे कात्रीने बारीक तुकडे करून टाकून दिले. एकतीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नव्हता.

घरी येऊन त्याला बाजूला घेतलं. तो शपथेवर सांगतो की बिल्ला महिनाभर खिळ्यावरच होता. शपथा घेण्यात हा लहानपणापासून पटाईत, म्हणून मी विश्वास ठेवला नाही.

१ मे

या महिन्यात मी स्वतः लक्ष ठेवलं. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. बिल्ला खिळ्यावरून हलला नाही.

आज धुतली. गेल्या महिन्यापेक्षा काळी.

म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. जे काही आहे ते घरात आहे. आणि मी महिना वाया घालवला. यावेळीही शून्यच लिहिलं, काय करू ते सुचेना म्हणून.

२ मे

पाच जादा बिल्ले घरी आणले. ओट्यावर एक, न्हाणीत एक, दाराशी एक, पलंगाच्या उशाशी एक. पाचवा भिंगरीच्या फ्रॉकला. तिला कोण आनंद! मला बाबांच्या केंद्रात नोकरी लागली, असं शेजारीपाजारी सांगून आली. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

९ मे

ओटा जवळजवळ कोरा. न्हाणीत त्याचे कपडे टांगतो, तिथे थोडी काळी. दाराशी थोडी. उशाशी काळी.

फ्रॉकवरची काळीकुट्ट.

जे आहे ते पलंगावर झोपतं. तिच्याजवळ.

१२ मे

दोन दिवस मुलाला सुट्टी होती. बिल्ला त्याच्या सदऱ्याला लावला, घरातल्या घरात.

काळी, आणि मधे एक बारीक कोरी रेघ. पिनेची सावली. बिल्ल्याची पिन मागच्या बाजूला असते, छातीला टेकलेली. किरणं समोरून आली तर पिनेची सावली फिल्मवर पडतच नाही. ती पडते किरणं मागून आली तर. माणसाच्या अंगातून.

त्याला आठवलं. पाइप कापताना मुखवट्याची काच धुरकटली, म्हणून काढून ठेवला. धुळीने ठसका लागला. फाटकावरचं तपासणी यंत्र रोज सगळ्यांवरच बोंबलतं, म्हणून बंद केलेलं होतं. सांगताना तो स्वतःच्या हातांकडे बघत होता, ज्या हातांवर ती झोपते.

माझं लेकरू. आणि मी त्याच्या नावापुढे शून्य लिहिलं, दोनदा.

१३ मे

साहेबांना सगळं सांगितलं, माझ्या खोट्या आकड्यांसकट. त्यांनी आधी दार लावलं. मग विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे. उन्हाने फिल्म खराब होते म्हणाले. शून्यच राहू द्या म्हणाले. नाहीतर खोटं कुणाच्या अक्षरात आहे ते वहीच सांगेल.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दमले मी. फार दमले.

१४ मे

मुलगा शहरातल्या इस्पितळात गेला. माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. वेगळ्या खोलीत ठेवणार.

निघताना भिंगरी बुटांवर चढायला धावली. तो दोन्ही हात वर करून मागे सरकला, चोरासारखा. ती हसली, तिला खेळ वाटला. मग रडली.

सूनबाई माझ्याशी बोलत नाही. बाप-लेकीला तोडलं म्हणते. तोडलंच. दोन महिने आधी तोडायला हवं होतं.

१५ मे

गादी टाकली. चादरी, उशा, त्याचे कपडे, बूट, सगळं. फरशी तीनदा पुसली. भिंगरीला नखशिखांत धुतलं, केस कापले. नवा फ्रॉक. नवा बिल्ला — सूनबाईच्या पाया पडले तेव्हा लावू दिला.

१९ मे

ती दाराशी बसते. खात नाही नीट. बाबांचा खेळ कधी संपणार, विचारते.



२३ मे

डार्करूम. लाल दिवा. वही मांडीवर. तिची फिल्म डेव्हलपरमध्ये टाकली आहे, चार मिनिटं लागतील. घरी थांबवेना म्हणून सकाळीच आले.

बाप नऊ दिवस घरात नाही. गादी नवी. कपडे नवे. सगळं धुतलेलं. कोरी निघेल. निघायलाच हवी. तिची काय चूक — बापाच्या बुटांवर चालली, एवढीच.

एक मिनिट झालं. कोरी.

दोन. कोरीच आहे. कोरी आहे गं बाई, कोरी —

कडेला जरा — लाल उजेडात असं वाटतं कधी कधी.

वाटत नाहीये. चढतंय.

तीन. काळी होतेय. सगळीकडून —

मधे एवढीशी जागा काळी होत नाही. बारीक. सरळ. रेघेसारखी, टोकाशी वाकलेली, अगदी पिनेच्या —