समोरची तीन, शेजारची दोन

३ एप्रिल
समोरच्या ओळीतलं रिकामं घर विकलं गेलं. आठ परदेशी लोकांनी मिळून घेतलं म्हणे, प्रत्येकाचे वर्षातले सहा आठवडे ठरलेले. शेजारचा इगाराशी हे सांगताना असा फुलला होता, जणू नववा मालक तोच. मी म्हटलं, भागीचं घोडं किवणानं मरतं. नागानोतला एक हिवाळा येऊ दे, छपरावरचा बर्फ काढायला आठांतला एकही फिरकणार नाही. असो. मला त्यात रस नाही.
संकल्प : खिडकीतून बघायचं नाही.

१२ एप्रिल, सकाळी ९.४०
हवा कशी आहे ते बघायला पडदा बोटभर सरकवला. पहिली मालकीण आली, नॉर्वेची. आल्या आल्या कागदात गुंडाळलेले टॉवेल घेऊन ओळख करून द्यायला निघाली. अगदी रीतीप्रमाणे : समोरची तीन घरं, शेजारची दोन. इगाराशीचं घर तिसरं, माझं चौथं. तिथूनच मागे वळली! मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. सहज.

२४ मे
दुसरे मालक, तैवानचे. अननसाचे केक वाटले. मला नाही. इगाराशीने माझ्या कुंपणाशी उभं राहून खाल्ला आणि वर म्हणतो, जरा कोरडाच आहे हो, कुझुमाकी-सान.
बायको, फुसाए, म्हणाली, अहो, एवढी जळजळ होतेय तर आपणच जाऊन भेटा ना. हिला रीत कळत नाही. नव्याने जुन्याकडे यायचं असतं. आणि जळजळ लोणच्याने होतेय.

२ जुलै
इगाराशीकडे विळा मागायला गेलो. (घरात तीन आहेत.) त्याच्या फळीवर टॉवेल, मध, चीज, सगळं मांडून ठेवलेलं. म्हणाला, आपल्या आळीचं नियमपत्रक भाषांतर करून त्या लोकांनी फ्रिजवर लावलंय. समोरची तीन, शेजारची दोन. त्यापलीकडे कोणालाही त्रास देऊ नये. मी विचारलं, ही शेवटची ओळ कोणत्या गाढवानं लिहिली? इगाराशी बराच वेळ हसत राहिला.

२ जुलै, दुपारी
मीच. बारा वर्षांपूर्वी, आळीचा प्रमुख असताना. वरच्या आळीत कोणी नवं आलं की इगाराशीला तिथूनही ओळखीच्या सोबा शेवया मिळायच्या, ते बंद करायला. म्हणजे आळीच्या हितासाठीच.

५ जुलै
पत्रकात तीनचं चार केलं. समितीत अनुमोदन चक्क इगाराशीने दिलं. वरमला असावा.

१९ ऑगस्ट
नवा मालक, आयर्लंडचा. सकाळपासून चहा तयार. त्याची तीन घरं झाली. मग थांबला, माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पडद्याआड श्वास रोखून. तो वळला, आमच्या ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि टॉवेल इगाराशीच्या कोठाराच्या कडीला अडकवून आला. त्या बाजूने मोजलं तर तेही चौथंच.
जळतो मी. हो, लिहितो. टॉवेलसाठी नाही. बेचाळीस वर्षं मी इथे राहतोय, आणि जगभरचे लोक येऊन शेजारी म्हणतात इगाराशीला.

२० ऑगस्ट
फुसाए मागच्या दाराने लोणच्याची बरणी घेऊन परस्पर समोर जाऊन आली. दोन तास बसली होती. मोबाइलवर भाषांतर करून गप्पा मारल्या म्हणे. माणूस फार चांगला आहे म्हणाली. त्याने आमच्याच घराकडे बोट दाखवून विचारलं, ते बंद पडद्याचं रिकामं घर विकायचंय का? आठही मालकांचा डोळा आहे त्यावर. भागीत घ्यायला आणखी मित्र तयार आहेत.
मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?
म्हणाली, सांगितलं, रिकामं नाही, आत एक म्हातारा असतो. हवा बघत.