बिनआवाजाचा धडा

९ मार्च

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

आई म्हणते, "सगळं ठीक आहे असं लिही." लिहिलं. तुझी बढती झाल्याचं कळलं, बरं वाटलं. गॅलरीतला पत्रा अजून गळतोच आहे.

आईचं करता यावं म्हणून मी रुग्णसेवेचा ऑनलाइन कोर्स केला, आठवतं ना? त्यावर तुमच्या कोर्स तपासणाऱ्या समितीचा 'उत्तम दर्जा' हा शिक्का आणि खाली तुझी सही. म्हणून तर डोळे झाकून नाव घातलं. आईला कोण अभिमान! शेजारणींना बोलावून तुझी सही दाखवली तिने.

त्यात रुग्णाला खाटेवरून चाकांच्या खुर्चीत बसवायचा धडा आहे. शिकवणाऱ्या बाईंचे ओठ हलतात, आवाज नाही. आधी वाटलं, माझाच फोन बिघडला. कोर्सवाल्यांना विचारलं, तर उत्तर आलं, "आपला उत्साह कौतुकास्पद आहे. पुढील धड्याकडे वळा." वळले. चाचणीत पैकीच्या पैकी मिळाले. प्रश्न होता, खुर्चीला चाकं किती!

परवा फोनवर विचारलं, तुम्ही धडे तपासता कसे? तू हसलास. "अगं ताई, ऑफिसात सगळे खेटून बसतो, आवाज बंदच ठेवावा लागतो. व्हिडिओ उघडतो ना, चित्र स्वच्छ आहे ना, चाचणी आहे ना? झालं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! शिकवणं तपासायचं आणि ऐकायचं नाही? तरी मी गप्प बसले, कारण आईने खाटेवरूनच डोळे वटारले होते.

आता लिहिते. गेल्या आठवड्यात आईला उचलून बसवताना खुर्ची मागे सरकली. आई पडली. खुब्याचं हाड मोडलंय. आधी चाकांचा ब्रेक लावायचा, हे मला दवाखान्यात कळलं. बाई तेच सांगत असणार, पण धड्यात चाकं खाटेआड आहेत. आणि आई म्हणते, "त्याला कळवू नकोस, त्याच्या सहीला बट्टा लागेल." हाड मोडलं ते चालतं तिला!

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी आजारी नवऱ्यासाठी त्याच कोर्सला नाव घातलंय, तुझी सही बघून. आधी तो शिक्का काढ, मग घरी ये. आईच्या खाटेशी बसून तो धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघ. ती झोपली असली तरी बघ. आवाज नाहीच, तिची झोपमोड व्हायची नाही.

तुझ्या सहीवर विसंबलेली,
ताई