जोडीदार हवा आहे

प्रिय घुम्या,

तुझा मेसेज येऊन बरेच दिवस झाले. मी उत्तर दिलं नाही म्हणून तू रागावला असशील, पण तू रागावलास तरी कोणाला थांगपत्ता लागत नाही, त्यामुळे तेही नक्की सांगता येत नाही. ‘मास्तर गेल्यापासून तालीम मीच बघतो. जोडीदार हवा आहे. येशील का?’ एवढंच. मागे ना पुढे काही. अरे, माणसं भाजी आणायला सांगतानासुद्धा याहून जास्त लिहितात! फोनवर उत्तर द्यायला बसले की चार शब्द लिहायचे आणि सगळे पुसायचे असं चाललं होतं, म्हणून शेवटी कागद घेतला.

सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे. मास्तरांच्या ठोसेबाजीच्या तालमीत जोडीदार म्हणजे सरावाला समोर उभा राहणारा. सुतारकामाच्या कारखान्यावरची ती लांबट खोली, खालून करवतीचा आवाज, आणि मास्तर ‘जोडीदार धरा’ म्हणाले की तू गुपचूप माझ्यासमोर येऊन उभा. मुलगी मी एकटीच. बाकीची मुलं मला मारायला लाजायची, तू लाजला नाहीस. माझं नाक तूच फोडलंस आणि रक्त बघून स्वतःच पांढराफटक पडलास. माझ्या उतावळेपणावरून मला ‘घाई’ म्हणणारे मास्तर हसून म्हणाले होते, ‘घाई, आता तूच त्याला पाणी पाज.’ जोडीदार या शब्दाला दुसरा अर्थ असतो हे आपल्याला तेव्हाही कळत होतं. उच्चारला मात्र कोणीच नाही. मग मला जमीनमोजणी खात्यात नोकरी लागली. स्टँडवर तू माझी ट्रंक बसच्या टपावर चढवलीस आणि ‘सराव सोडू नकोस’ म्हणालास. मला त्या दिवशी दुसरंच काहीतरी ऐकायचं होतं.

सराव काही सोडला नाही. जिथे बदली झाली तिथे नवे गुरू शोधले, आणि तिथेही शब्दांनी घात केला. पोहण्याच्या तलावामागे एक बाई धरपकडीचे डाव शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्यांची कॉलर धरायला लावली आणि जरा वेळाने म्हणाल्या, ‘सोड.’ आता आपल्या तालमीत ‘सोड’ म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. मी सोडला ठोसा. बाई धाडकन सतरंजीवर! त्यांना फक्त कॉलर सोडवून हवी होती. जबडा चोळत त्यांनी विचारलं, ‘अगं, कोणी शिकवलं तुला?’ मास्तरांबद्दल सांगताना लाज वाटून घ्यावी की अभिमान, मला कळेना.

त्या बाईंनी शिकवलं, समोरच्याला चिकटून राहा. पुढच्या गावी गोदामाची राखण करणारे काठीवाले आजोबा भेटले, ते म्हणाले, लांब राहा. मास्तरांचं म्हणणं पाय रोवून उभं राहायचं, तर इथले सर, माझ्या निम्म्या वयाचे, सांगतात, ‘मॅडम, पाय हलते ठेवा.’ आणि प्रत्येकाने पहिल्या दिवशी बजावलं की आधीचं सगळं विसर. मी मनापासून विसरायला जायची आणि काहीच विसरलं जायचं नाही. केस पिकले तरी प्रत्येक ठिकाणी मी नवशिकीच. आता आरशासमोर उभी राहिले की कोणाचा पाय पुढे टाकायचा तेच समजत नाही. खांदा मास्तरांचा, मनगट बाईंचं, आणि या सगळ्यात माझं असं काय आहे, देव जाणे.

तुझ्या मेसेजबद्दलही मी या सगळ्यांना मनातल्या मनात विचारून बघितलं. एक म्हणतात लांब राहा, दुसऱ्या म्हणतात चिकटून राहा. डोकं पार भंजाळलं. निवृत्तीनंतर मी ताईकडे राहते. तिला मेसेज दाखवला तर ती टाळी वाजवून म्हणाली, ‘अगं, सरळसरळ मागणी घातलीय! त्याची बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली ना?’ भाचा म्हणाला, ‘छे, ‘हवा आहे’ लिहिलंय, ‘हवी’ नाही. त्यांना क्लाससाठी माणूस पाहिजे.’ भाच्याची बायको शाळेत भाषा शिकवते. तिने निवाडा दिला की जोडीदार हा शब्द पुल्लिंगीच चालतो, त्यावरून काहीच ठरत नाही. म्हणजे व्याकरणही कुचकामी निघालं. मी हसले सगळ्यांबरोबर, पण रात्रभर कूस बदलत राहिले.

इथल्या सरांकडे जाणं मी बंद केलंय. त्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे. घरात मी सारखी दाराच्या चौकटीला धडकते, चहा ओतते तो कपाच्या शेजारी पडतो. ताईला वाटतं, माझं लक्ष तुझ्या मेसेजमध्ये अडकलंय. तिला वाटू दिलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

तुला मात्र खरं लिहिते. मला उजव्या डोळ्याने आता दिसत नाही. नजर हळूहळू गेली, आणि ती परत येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. तू डावखुरा. तुझा ठोसा नेमका माझ्या त्याच बाजूने येणार आणि मला तो लागल्यावरच कळणार. तेव्हा तालमीसाठी जोडीदार हवा असेल, तर दोन्ही डोळे शाबूत असलेलं कोणीतरी तरुण बघ. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, पण राग येणार नाही. आणि तुला दुसरं काही म्हणायचं असेल, तर या खेपेला तरी चार शब्द जास्त खर्च कर, कारण हा गोंधळ आता मला झेपत नाही. मी बॅग भरलेली नाही. माळ्यावरून काढून, पुसून ठेवली आहे इतकंच. बोलावलंस तर येईन. स्टँडवर घ्यायला येशील तेव्हा बाजूने येऊ नकोस. समोरून ये. तू येताना मला दिसायला हवास.

तुझीच
(कोण म्हणून, ते तू कळव)
घाई