दीपगृहाचा जिना

४ सप्टेंबर, गुरुवार

आला फोटो! पेपरात अर्धं पान. धाकटा मधोमध, हाताची घडी, हेडसेट कपाळावर सरकवलेला, जसा काही मुकुटच. वर मथळा: 'यंदा प्रत्येक घरात नवं जग'. प्रत्येक घरात म्हणे! आमच्या बाहेरच्या खोलीत दोन्ही हात पसरले तर एक कपाटाला लागतो आणि दुसरा नवऱ्याला. कुठे मावायचं नवं जग?

दुपारी आईचा फोन. "बघितलंस का? कसा दिसतोय गं माझा लेक?"

छान दिसतोय, म्हटलं. तोंड आपोआप गोड झालं. मनात मात्र — पड. तोंडघशी पड एकदाचा.

५ सप्टेंबर, शुक्रवार

लिहूनच काढते. नाहीतर आत सडेल.

धाकट्याचा गेम म्हणजे एक दीपगृह. हेडसेट डोळ्यांवर चढवला की आपण त्याच्या तळाशी उभे. गोल गोल जिना चढत वर जायचं, वाटेत कोडी सोडवायची. माझं काम एवढंच, रोज तो जिना चढायचा आणि कुठे गरगरतं ते सांगायचं. स्टुडिओत बाकी कुणाला गरगरायचंच नाही. दिवसभर तेच डोक्याला लावून बसणारी पोरं ती. सुरुवातीला सगळ्यांनी ओकून घेतलं, मग सवय झाली, डोकी बधिर झाली. शाबूत डोकं माझ्या एकटीचं! म्हणून तर हा मला घेऊन गेला होता. "ताई, तुझ्याइतकी गाडी कुणालाच लागत नाही. तूच हवीस." माझ्या खुर्चीशेजारी एक निळी बादली असायची. पोरं मला बादलीताई म्हणायची. मीही हसायचे.

तिसऱ्या वळणावर गडबड होती. डोळे म्हणतात चढतेय, पाय म्हणतात जागेवरच आहे, आणि मान वळवली की समोरचं चित्र केसभर मागून येतं. तेवढ्यानेच पोट ढवळतं. रोज सांगितलं. रोज तेच — "बघतो गं ताई."

मग हेडसेट बनवणाऱ्या कंपनीची माणसं आली. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "कुणाला त्रास होतो का?" मी म्हटलं, हो, मला होतो, या जिन्यावर रोज होतो.

तर हा हसला. "ताईचं काय घेऊन बसलात! ती झोपाळ्यावर बसली तरी ओकते."

सगळे हसले. तो चष्मेवाला प्रोग्रॅमर तर टेबल बडवून हसला. आणि संध्याकाळी जिन्यात गाठून — खऱ्या जिन्यात — मला म्हणतो, "तू आता जरा घरीच थांब. गेम बाजारात येईपर्यंत."

ज्याला मी कडेवर घेऊन गल्लीभर फिरवला, त्याने!

९ सप्टेंबर, मंगळवार

आज पोळ्या लाटता लाटता चित्र रंगवलं. पहिला दिवस. दुकानाबाहेर रांग. पहिला गिऱ्हाईक हेडसेट चढवतो, तिसऱ्या वळणावर पोचतो, आणि धाकट्याच्या त्या चकचकीत बुटांवर! मागोमाग दुसरा. मग पेपरात पुन्हा फोटो. या खेपेला हाताची घडी नाही, हात डोक्याला.

पोळी करपली. चालायचंच.

नवरा संध्याकाळी म्हणाला, "काही म्हण, मला एक हवा हं. घरबसल्या समुद्र!" फितूर. त्या डब्याचं वजन नाकावर घेऊन बघ म्हटलं, मग समुद्र आठव. चष्म्यावरून नीट बसत नाही, आत घाम येतो, केसांचं घरटं होतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला आपण हवेत माश्या मारतोय असं दिसतं. लोक आठवडाभर नाचतील आणि मग माळ्यावर टाकतील.

"तुला तो चालायला नकोय, म्हणून बोलतेस," तो म्हणाला.

हो. म्हणूनच बोलतेय. पण म्हणून ते खोटं थोडंच ठरतं?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

धाकट्याचा फोन!! एवढ्या दिवसांनी. आधी इकडचं तिकडचं, आईचे गुडघे, भाच्याची परीक्षा. मग खाकरला.

"ताई, एकदा येऊन बघशील? जिना दुरुस्त केलाय. दिसायला तसाच आहे, पण आतली चाल बदललीय. आमच्यापैकी कुणाला काही कळत नाही गं. तू हो म्हणालीस तर ठेवतो. नाहीतर काढून टाकतो जिनाच."

बघते, म्हटलं. त्याचंच वाक्य त्याला परत.

दुरुस्त केलाय म्हणे! लहानपणी घड्याळ उघडून दुरुस्त करायचा आणि दोन स्क्रू हातात उरायचे. याची दुरुस्ती मला माहीत आहे.

रात्रीचं जेवण होईपर्यंत ठरवून टाकलं. जाणार. चढणार. आणि म्हणणार — काही होत नाही, उत्तम झालाय, पाठव बाजारात! गोड बोलून. त्याने चारचौघांत हसून माझी जिरवली, मी हसूनच त्याची जिरवीन. लोकांना त्रास होईल, होऊ दे. बसतील क्षणभर खाली. मी नव्हते बसत?

अडचण एकच. माझं तोंड. पोट ढवळलं की मी हळदीसारखी पिवळी पडते. खोटं बोलायचं तर आधी ते टिकवता आलं पाहिजे.

स्टुडिओतला एक जुना हेडसेट कपाटावर पडून आहे. त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही. त्यात तोच जुना जिना आहे. उद्यापासून रोज सराव.

१३ सप्टेंबर, शनिवार

तिसऱ्या वळणाच्याही आधी. बादली.

१५ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा बादली. पण आज हसू धरून ठेवलं होतं. नवरा समोर बसून बघत होता. "हसतेयस की दाढ दुखतेय?"

दोन्ही, म्हटलं.

"सूड घ्यायला एवढी मेहनत? मी असतो तर नुसता अबोला धरला असता."

तुझ्या अबोल्याने कुणाचं काय बिघडतं? घरात उलट शांतता लाभते.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी एकदा, दुपारी एकदा. उमासे आले, पण गिळले. आईचा मध्येच फोन. "तू जाणार आहेस ना त्याच्याकडे? बरं झालं बाई. आपलेच दात, आपलेच ओठ."

हो ना. दातांना मात्र कुणी काही विचारत नाही, दुखतात ते ओठच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज वर पोचले.

एवढे महिने तिथे काम केलं आणि वरचा मजला मी कधी पाहिलाच नव्हता! दर वेळी खालीच आडवी. वर एक गोल सज्जा आहे. गंजलेला कठडा. खाली समुद्र, सकाळचा, राखाडी. पलीकडे एक लहानशी होडी, ती कुठेच जात नाही, नुसती हलते. कोडं नाही, गुण नाहीत. उभं राहायचं, बस्स.

किती वेळ उभी राहिले कोण जाणे. कठड्यावर हात टेकायला गेले आणि कपाटावर आपटला. तरी हेडसेट काढला नाही.

हे त्याने केलंय. शेंबूड पुसायला माझ्या पदराशी येणाऱ्या त्या पोराने. मला एकदा म्हणाला होता, "ताई, वर तुझ्यासाठी गंमत आहे, पोच तर खरी." मला वाटलं चिडवतोय.

हा गेम चालेल. नाकावरचं वजन, घाम, केस, सगळं विसरतील माणसं. जिना तेवढा आड येतो. म्हणून तर तो तसाच राहायला हवा!

असं लिहिलं खरं. पेन मात्र जड झालं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

गेले होते.

दारातच तो चष्मेवाला. "या या, बादलीताई!" धाकटा आतून ओरडला, "ताई म्हण नुसतं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्याने विरघळायला मी काय साखर आहे?

माझी खुर्ची तिथेच होती. धाकटा स्वतः बादली घेऊन उभा राहिला. दुसऱ्या कुणाला देईना. मी हेडसेट घालत होते तेव्हा त्याचा एक हात माझ्या पाठीमागे होता. टेकवला नव्हता, नुसता धरला होता, मी कललेच तर असावा म्हणून. त्याच्या कानांमागे केस पांढरे झालेत. कधी झाले?

तिथे माझं सगळं ठरवलेलं गळून पडलं. दीपगृहात शिरताना मनाशी म्हटलं, खरं सांगायचं. ज्या पायरीवर पोटात हलेल, त्याच पायरीवर 'थांबव' म्हणायचं. मग तो जिना काढो नाहीतर ठेवो.

पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्याला श्वास धरला. मान वळवली, उलटी वळवली, वर पाहिलं, खाली पाहिलं. काही नाही! तशीच सरळ वर, सज्ज्यात, होडीपर्यंत. पोट असं शांत, जशी काही घरच्या खुर्चीत बसून चहा पितेय.

केलं की रे याने दुरुस्त. खरंच केलं.

हेडसेट काढला तर माझ्या डोळ्यांत पाणी. "काही झालं?" त्याने विचारलं.

"नाही रे. काही नाही झालं. फार छान केलंयस."

"तिसऱ्या वळणावरही नाही?"

"नाही. शपथ."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बादली खाली ठेवली, "बरं" म्हणाला, आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. दारापर्यंत सोडायला आला नाही. मला वाटलं, भरून आलंय त्याला. येताना रस्ताभर हलकी हलकी चालत आले. कित्येक दिवसांत कुणाचं वाईट चिंतलं नाही असा पहिला तास.

२४ सप्टेंबर, बुधवार

धाकट्याचा फोन. "ताई, काल तुला जुनाच जिना दिला होता. काहीही न बदललेला. तुझं डोकं अजून तसंच आहे ना, ते बघून मग नवा देणार होतो." मग, "माझं इतकं वाईट व्हावंसं वाटतं तुला?" आणि ठेवला.

काल मी खरं बोलले होते. ते मला त्याला सांगता आलं नाही, कारण ते खरं कसं झालं, घरी रोज तो जुना जिना कशासाठी चढत होते, तेही सांगावं लागलं असतं.